आजोबांची खुर्ची वाहनात मोडते

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (मनापासून विचारते आहे. पण उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल, कारण सध्या मी तुझ्यावर फार चिडले आहे.)

शाळेत घालायच्या आधी तूच मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलंस, आणि शिकवलंस काय, तर शब्द वापरायचा असेल तर आधी त्याचा अर्थ सांगायचा. कोणी लवकर ये म्हटलं की तू विचारायचीस, लवकर म्हणजे कधी. आपल्या घरात भांडणसुद्धा व्याख्या ठरल्याशिवाय सुरू होत नसे, आणि ती ठरेपर्यंत जेवण निवून जाई. व्याख्येतून काही निसटता कामा नये, हे तुझंच वाक्य. त्यामुळे नगरपालिकेच्या वाहतूक विभागात साहेबांनी नव्या नियमांतलं व्याख्यांचं पान मला दिलं, तेव्हा मी डबा न उघडता ते लिहीत बसले. वाहन म्हणजे चाकांवर चालणारी आणि माणूस किंवा माल वाहून नेणारी कोणतीही वस्तू. चालक म्हणजे तिच्यावर प्रत्यक्ष बसलेला इसम. चालकाविना कडेला उभं असेल ते बेवारस वाहन, ते उचलावं. (हातगाडीवाला गाडीवर बसत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याच्यासाठी वेगळं कलम केलं.)

मंगळवारी आजोबा दाढी करायला गेले. दुकानाला पायऱ्या आहेत, म्हणून न्हावी त्यांना उचलून आत नेतो आणि चाकांची खुर्ची बाहेर ठेवतो. गाड्या उचलणारे आले आणि खुर्ची घेऊन निघाले. आजोबांनी फेसातूनच सांगितलं, अरे, ती माझी आहे. त्यावर मुकादम अदबीने म्हणाला, "आजोबा, तुम्ही तिच्यावर बसलेले नाही, म्हणजे चालक नाही. तुमच्याच नातीने लिहिलंय. फार स्वच्छ लिहिलंय." न्हाव्याने त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं. तेव्हापासून ते खिडकीत बसून आहेत.

मी साहेबांकडे गेले. ते कचेरीतल्या आपल्या चाकांच्या खुर्चीत गर्रकन फिरून म्हणाले, "कोणाला वगळायचं ते लिहून आण, खाली आजोबांची सही घे. शुक्रवारच्या सभेत मंजूर करू. नाहीतर पुढची सभा सहा महिन्यांनी." (सहा महिने खिडकीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.) घरी येऊन 'वृद्ध' लिहिलं, तर आजोबा म्हणाले, वृद्ध तुझा बाप. 'रुग्ण' लिहिलं, तर म्हणाले, मला काय धाड भरलीय? 'अपंग' लिहिलं तेव्हा त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं तुझ्या शिकवणीमुळे झालं, एवढंच कळवायचं होतं. बाकी सर्व क्षेम.

तुझी रागावलेली भाची

ता. क. गुरुवारच्या आत निघून ये. ते तुझे वडील आहेत. तुझ्या तोंडचा शब्द ऐकतील, माझा ऐकत नाहीत.

आणखी ता. क. आजोबांनी हे पत्र वाचलं आणि स्वतःच व्याख्या सांगितली: 'दाढी करायला गेलेला माणूस'. खाली सहीही करून टाकली. मी म्हटलं, यात गावातले सगळे पुरुष सुटतील आणि बाई एकही सुटणार नाही. तर म्हणाले, बायकांचं तुझी आत्या बघेल. तू आली नाहीस तर शुक्रवारी हेच सभेपुढे ठेवीन, आणि हे कुठे शिकलीस असं कोणी विचारलं तर तुझा पत्ता देईन.