पाळण्यातला कापूर

घोडेगाव,
१२ ऑगस्ट १९९९

ति. रत्नदीपदादास,

धाकट्या स्नेहाचा सप्रेम जयभीम. इकडे आई, आजी, मी आणि तुझा भाचा मजेत आहोत. डिंगोऱ्याला तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कधी कळवणार नाहीस.

शाळेतल्या प्रयोगासाठी तू कापूर मागितला होतास. तो शेजारच्या नवनाथभाऊंच्या हाती पाठवतेय. जुन्नरच्या गाडीवर त्यांची कंडक्टरची ड्यूटी लागलीय, तुझ्या शाळेवर पोचवतो म्हणाले. श्रावणाच्या तोंडावर भीमाशंकरला जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला एक जण सुट्टा कापूर विकत बसला होता. दुकानापेक्षा लई स्वस्त म्हणून आईने पिशवीभर घेतला. आपल्या घरी पूजा नाही की आरती नाही, मग एवढा कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली की बाळंतिणीच्या घरात कापूर हवाच.

बाळाला जरा सर्दी आहे. आई रोज खोबरेल तेलात कापूर कोमट करून त्याच्या छातीला आणि पाठीला चोळते. पाळण्याच्या दोरीलाही एक पुडी बांधलीय. आजीला आता दिसत नाही, पण वास आला की पाळणा कुठे आहे ते तिला बरोबर कळतं. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय असं सगळे म्हणतात. मी अजून मान्य केलेलं नाही.

शुद्ध पदार्थ आणि मिश्रण पोरांना नीट शिकव. मला शिकवताना तू मिठात साखर कालवून ती वेगळी कर म्हणाला होतास आणि रडवलं होतंस. सोमनाथराव रविवारी येऊन लेकाला बघून गेले. तू कधी येतोस?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी स्नेहा

—

डिंगोरे,
१८ ऑगस्ट १९९९

चि. स्नेहास,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. कापूर मिळाला. आता त्याने माझी वर्गात काय फजिती केली ते ऐक आणि आईलाही वाचून दाखव.

आज आठवीला पहिला प्रयोग छान झाला. मीठ आणि कापूर एकत्र करून बशीत तापवलं, वर काचेचं नरसाळं पालथं घातलं. कापराची वाफ होऊन नरसाळ्याला पांढरा थर धरला आणि मीठ खाली राहिलं. मिश्रण असं वेगळं करता येतं म्हटल्यावर पोरं खूश झाली.

मग मी पुढची गोष्ट दाखवायला गेलो. शुद्ध पदार्थ ठरलेल्या एकाच तापमानाला वितळतो. कापूर उकळत्या पाण्याच्या उष्णतेनेही वितळत नाही, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. कापराची परीक्षानळी गरम पाण्यात धरली, तर पाणी उकळायच्या आधीच नळीतला कापूर तुपासारखा पातळ झाला. सगळा वर्ग एकदा फळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. पहिल्या बाकावरची सानिया म्हणाली की सर, याला आमच्या घरातल्या ट्रंकेसारखा वास येतोय. मी हुंगलं तर खरंच की.

आईला सांग, त्या माणसाने तिला फसवलं. हा शुद्ध कापूर नाही, यात डांबरगोळी मिसळलीय, तीही बरीच. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्हींची वाफ होते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. उरलेला फेकू नका म्हणावं. कपड्यांत ठेवायला उपयोगी पडेल, कसर लागणार नाही.

माझी मात्र अब्रू गेली. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत विचारलं की कापूर वितळला की मास्तर. बाळाच्या नाकाबद्दल मला खात्री आहे. आजीला आणि आईला सा. न.

माया आहेच, ती वाढवावी.
तुझा दादा

—

घोडेगाव,
१८ ऑगस्ट १९९९

ति. दादास,

जयभीम. तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला राहवेना म्हणून लिहितेय.

बाळ पिवळं पडलंय. आधी डोळे, मग तोंड, आता पोटही पिवळं दिसतंय. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. नव्या बाळांना अशी कावीळ होते, कोवळ्या उन्हात धरा म्हणाले. पण ऊन आहे कुठे? आठवडाभर पावसाने उघडीप दिलेली नाही.

मला वेगळीच भीती वाटतेय. त्याचे लंगोट काळ्या चहासारखे डागाळतायत. ते आईला दाखवले तर ती एकदम खालीच बसली. आता ती दिवसातून दोनदा तेल चोळते आणि पाळण्यातली पुडीही तिने मोठी केलीय. बाळ रडतसुद्धा नाही, दादा. तोंडात दूध घेतं आणि तसंच झोपतं.

तू शिकलेला आहेस. हे काय असेल ते कळव, नाहीतर ये.

तुझ्या मायेवरच भिस्त आहे.
स्नेहा

—

पुणे,
२४ ऑगस्ट १९९९

ति. आईस,

रत्नदीपचा सा. न. वि. वि. बाळ जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

त्या दिवशी उमरभाईंच्या जीपमधून आम्ही निघालो, ते रात्रीपर्यंत इथल्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. स्नेहा वाटभर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या अंगात रक्त फार कमी उरलं होतं. लाल पेशी आतल्या आत फुटत होत्या आणि लंगोटाला तोच रंग लागत होता. डॉक्टरांनी त्याचं रक्त बदललं. आता त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. काल संध्याकाळी ते रडलं, तेव्हा सोमनाथराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी शाळेतली ती परीक्षानळी खिशात घालून आणली होती. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि लगेच ओळखलं. त्यांनी सांगितलं ते असं. रक्ताच्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य काही मुलांत जन्मापासूनच कमी असतं. एरवी त्यांना काही होत नाही. पण डांबरगोळीचा वास सतत नाकात गेला किंवा ती तेलातून कातडीत मुरली, की पेशी फुटू लागतात. त्या असंही म्हणाल्या की खरा कापूरसुद्धा इतक्या लहान बाळाला लावू नये.

आई, एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. स्नेहाचं पत्र मला शनिवारी सकाळी शाळेत मिळालं आणि मी वर्ग सोडून धावलो. घरी आलो तेव्हा माझंही पत्र येऊन पडलं होतं. त्यात मी लिहिलं होतं म्हणून तू उरलेला सगळा कापूर बाळाच्या कपड्यांच्या बोचक्यात भरत होतीस. मास्तर मुलाने सांगितलं, तुला का शंका येईल? पाळण्याची पुडी मी ओढून तोडली तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस, तिचा अर्थ मला अजून लागत नाही.

आपल्या गल्लीत आणखी कुणी तो कापूर घेतला असेल तर त्यांना आजच्या आज सांग.

आणि एक. हा दोष आईकडून मुलग्यांत उतरतो, सगळ्यांत नाही, काहींतच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आजोळी कुणी मुलगा असा पिवळा पडून गेला होता का. मी नाही म्हणालो, घरात थोरला मीच. तरी त्यांनी तुला विचारायला सांगितलंय.

स्वतःला जप.
तुझा रत्नदीप

—

घोडेगाव,
३० ऑगस्ट १९९९

चि. रत्नदीप यास,

आईचा आशीर्वाद, जयभीम. साक्षरता वर्गाला गेले म्हनून लिवता येतंय, अक्षर लावून घे. हे दुसऱ्याच्या हातानं लिवण्यासारखं न्हाई.

ठमाबाईच्या नातवाच्या पाळण्यात तीच पुडी व्हती. ती मी सोडली, पोरगं चांगलं हाय. आनखी ज्यांनी घेतला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं, काही हसले. विकणारा कुटं गेला कुनाला ठाव न्हाई.

तू इचारलंस त्याचं उत्तर हाय. थोरला तू न्हाईस. तुझ्या आदी एक मुलगा झाला व्हता. तुझे वडील तवा खडकीला कामाला व्हते. पोरासाठी त्यांनी लोकरीची शाल आनि कुंची आनली. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली. मीच गुंडाळलं पोराला, थंडी व्हती म्हनून. ते असंच पिवळं झालं आनि लंगोट असेच काळे. नाव ठेवायच्या आदीच गेलं. स्नेहानं ते लंगोट दाखवले तवा मला तेच पोर दिसलं. मला वाटलं आता हेबी जानार. म्हनून जास्त चोळत बसले. तू पुडी तोडलीस तवा वासानं मला ती शाल आठवली.

पन तुला खरं सांगायचं ते पुढं हाय. तवा तुझी आजी, म्हंजी आत्याबाई, म्हनल्या की माझं दूध इखारी हाय, त्यानंच पोर गेलं. सगळ्या भावकीत तेच झालं. तू झालास तवा तुला माझ्याजवळ दिलं न्हाई. शेळी आनली तुझ्यासाठी. मी छातीला फडकं घट्ट बांधून मागल्या खोलीत बसायची, तू रडलास की अंगावरचं लुगडं भिजायचं. त्याच दुधाची भीती मलाबी वाटायला लागली व्हती. स्नेहा झाली तवा म्हनले पोरगीच हाय, पाजायचं तर पाज. ती जगली तरी माझ्या दुधाचा डाग गेला न्हाई. पोरी काटक असत्यात म्हनले.

काल तुझं पत्र आत्याबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना दिसत न्हाई पन ऐकू समदं येतं. मग शालीचं सांगितलं. त्यांनी गोधडी तोंडावर वढून घेतली. मला वाटलं झोपल्या. मग मला म्हनल्या, म्हंजी आक्काबाई, तुझं दूध चांगलं व्हतं.

मी म्हनलं, व्हय, चांगलं व्हतं. आनि भाकरी टाकायला उठले.

स्नेहाला म्हनावं डॉक्टरनी सांगितलंय तसं पाज, कुनाचं ऐकू नगं. पोराला घेऊन या. तूबी ये, सुट्टी काढून.

तुमची वाट बघनारी,
आई