सोपी सोंगटी

आई, शेवटच्या डावात तू मला जिंकू दिलंस का, एवढंच विचारायचं होतं. इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता. मी बारावीत होते, कॅरममध्ये तुला हरवलं होतं, आणि त्यानंतर आपण खेळलोच नाही. तो डाव मी माझा म्हणून जपून ठेवला होता. आता कामाच्या निमित्ताने अशी एक गोष्ट समोर आली आहे की तसं ठेवता येत नाही.

मी ठाण्यात एका लहान कंपनीत मोबाइलवरचे गेम बनवते. सध्या कॅरमचा गेम चालू आहे, आणि त्यात माणसासमोर खेळणारा जो प्रोग्राम असतो, तो माझ्याकडे आहे. कोड लिहायला आम्ही एआय असिस्टंट वापरतो. काय हवं ते मी साध्या भाषेत लिहायचं, त्याने कोड द्यायचा, मी तपासायचा आणि जमलं नसेल तर पुन्हा सांगायचं. त्याने आधी दिलेला खेळाडू नीट चालत होता. अवघड पातळीवर तो अचूक मारायचा, सोप्या पातळीवर त्याचा नेम जरासा हलायचा. माझ्या शेजारी बसणारी, गेममधली चित्रं काढणारी मुलगी त्याच्याशी थोडा वेळ खेळली आणि फोन माझ्या टेबलावर आपटला.

"ए, हा दया करतोय माझ्यावर. समोर सोंगटी आ वासून पडलीय आणि हा बाजूला मारतोय. एवढी बिचारी दिसते का मी?"

"सोप्या पातळीवर त्याचा नेम हलवलाय," मी म्हणाले.

"मग नको ना हलवूस. हरायचंय तर नीट हर म्हणावं त्याला."

मी असिस्टंटला लिहिलं की समोरच्याला जिंकू द्यायचं आहे, पण ते त्याला कळू द्यायचं नाही. त्याने विचारलं, असं जिंकू देणारा माणूस खेळताना नेमकं काय करतो, एखाद्या उदाहरणावरून सांगता येईल का. मला माहीत असलेलं उदाहरण एकच होतं.

डोंबिवलीचं आपलं घर, रविवारची दुपार. ओटा पुसून, हात कोरडे करून तू स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बोर्ड ठेवतेस आणि बोरिक पावडर भुरभुरतेस. आठवडाभर एमआयडीसीतल्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलेले ते हात. एकदा सुट्टीच्या दिवशी तू मला तिथे नेलं होतंस. काचेच्या उभ्या नळीची तोटी दोन बोटांत धरून तू थेंब थेंब सोडत होतीस, आणि खालच्या फ्लास्कमध्ये जेमतेम गुलाबी छटा आली त्याच थेंबाला थांबलीस. "आणखी एक पडला असता तर सगळं पहिल्यापासून," एवढंच म्हणालीस. त्याच बोटांनी तू स्ट्रायकर मारायचीस. मी ढकलला की ओरडायचीस, "टिचकी मार गं! मेथी निवडतेयस का?" बाबा पेपराआडून म्हणायचे, "अगं, लहान आहे ती, जिंकू दे की एखादा डाव." "मी कुठे अडवलंय? जिंकू दे ना तिला," तू म्हणायचीस. आणि मी खरंच अधूनमधून जिंकायचे.

ते विजय दिलेले होते हे मोठी झाल्यावर मला कळलं होतं. पण तू ते कसे दिलेस, हे असिस्टंटला लिहून सांगताना पहिल्यांदा नीट दिसलं. तू सोपी सोंगटी कधीच चुकवायची नाहीस. ती तशीच सोडून कुठल्यातरी कोपऱ्यातल्या अवघड सोंगटीच्या मागे लागायचीस, पलीकडे आपटून परत येणारा फटका घ्यायचीस. तो फटका कोणाचाही चुकला असता. तू "श्शी" म्हणायचीस, आणि मला तुझी कीव करायला मिळायची. तोवर सोप्या सोंगट्या बोर्डभर अडथळे होऊन पडलेल्या असायच्या आणि तू मागे राहायचीस. मी सहावी-सातवीत गेल्यावर तू हे बंद केलंस, मग मी सलग पाच वर्षं हरले.

मी लिहिलं, नेम हलवू नकोस, फक्त कुठली सोंगटी घ्यायची ती निवड बदल. असिस्टंटने विचारलं, म्हणजे हा खेळाडू सोपा फटका कधीच चुकवणार नाही असा नियम धरू का? मी "हो" लिहिलं. नवा खेळाडू छान झाला. शेजारी बसणारी ती मुलगी जिंकली आणि म्हणाली, "हा खडूस आहे. पण आवडला." मी मात्र माझ्या त्या "हो"कडे बघत बसले होते.

कारण शेवटच्या डावात तू सोपी सोंगटी चुकवलीस. तुझे उपचार चालू होते. बोर्ड काढायला तूच सांगितलं होतंस. हळू खेळत होतीस, तरी पुढे होतीस. तुझी एकच पांढरी उरली होती, भोकाच्या तोंडाशी, नुसता धक्का लागला असता तरी आत गेली असती. स्ट्रायकर तिच्या बाजूने निघून गेला. तू "श्शी" म्हणाली नाहीस. हात मांडीवर घेतलेस आणि म्हणालीस, "मार ना, बघतेस काय?" मी माझ्या उरलेल्या दोन्ही काळ्या घेतल्या आणि शेजारच्या काकूंना सांगायला धावले.

गेल्या रविवारी मी बाबांना विचारलं. म्हणाले, "अगं, बोटं बधिर झाली होती तिची तेव्हा, औषधांनी. साडीची पिन मी लावून द्यायचो. तुझी परीक्षा होती ना, म्हणून बोललो नाही." मग पुन्हा टीव्हीकडे बघू लागले.

म्हणजे मी लिहिलेल्या नियमाप्रमाणे उत्तर स्पष्ट आहे. तू मला काही दिलं नाहीस, तुझा हात चुकला. तो विजय माझा ठरतो, आणि मला तो नको आहे. तू मुद्दाम चुकवली असतीस तर त्या दुपारी ती बोटं अजून तुझं ऐकत होती असं झालं असतं. मला तुझी तीच दुपार हवी आहे. माझा डाव त्या बदल्यात जाऊ दे.

काल मी कोडमध्ये एक अपवाद घातला. समोरच्याच्या थोड्याच सोंगट्या उरल्या असतील, तर क्वचित हा खेळाडू भोकाच्या तोंडावरची सोंगटीही मुद्दाम चुकवतो. असिस्टंटने तपासताना सांगितलं की हा अपवाद आधीच्या नियमाशी जुळत नाही, आणि विचारलं, जाणूनबुजून ठेवला असेल तर कारण काय नोंदवू. मी लिहिलं, "नवख्या खेळाडूंना सोपं जावं म्हणून." त्याने तसं नोंदवलं, आणि ते कोणाला खटकलंही नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे सांगते. ते कारण खरं नाही.