बाबांनी वाकवलेला दांडा

प्रिय निशा,

त्या सकाळी शेवटची भाकरी मी टोपलीत टाकत होते आणि तुझे बाबा गच्चीवरून पक्कड मागत होते. तू शाळेचा फ्रॉक घालून जिन्यात बसली होतीस, तुझ्याच हातून ती वर पाठवली. टाकी नवी होती, पण खालचा स्लॅब जुना, तडा गेलेला. त्यांनी टाकीतल्या तरंगत्या चेंडूचा पितळी दांडा खाली वाकवला, म्हणजे टाकी अर्धी भरली की पाणी आपोआप बंद. खाली येऊन म्हणाले, “स्लॅबला सोसंल तेवढंच घ्यायचं.” मग चहा पिऊन कामाला गेले. लक्षात ठेवावं असं त्या सकाळी काही नव्हतं.

बाळंतपणाला कोल्हापूरला येऊ का, असं तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं, इथं पाणी दुपारीच संपतं, तुझे हाल होतील, तिकडंच बघा. त्यावर तू रागावली नाहीस. उलट मी मागे विचारलं होतं म्हणून तुझ्या कामाबद्दल चार पानं लिहिलीस. मी लायब्ररीतून कॉम्प्युटरवरचं पुस्तकही आणलं, पण त्यापेक्षा तुझं पत्रच उपयोगी पडलं.

मला कळलं ते असं. बाहेरून येणारी माहिती कॉम्प्युटर आधी एका जागेत साठवतो, त्याला तुम्ही बफर म्हणता. ती जागा ठरावीक पातळीला आली की पुढची माहिती तो टाकून देतो, पाठवणाऱ्याला ती परत पाठवावी लागते. ही पातळी कुणीतरी फार पूर्वी कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यात, पक्की लिहून ठेवलेली. पुढं मशिनी मोठ्या झाल्या, जागा भरपूर झाली, तरी माहिती दारातूनच माघारी. तुझे साहेब म्हणाले, आकडा सरळ वाढवून टाक. तू म्हणालीस, मग लहान मशिनी गुदमरतील, ज्याची त्याला पातळी ठरवता येऊ दे. आणि कुणी काहीच ठरवलं नाही तर जुनाच आकडा चालेल, अशी सोय ठेवलीस, कारण ज्यानं तो लिहिला त्याच्या वेळेला तो बरोबर होता. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

बाकी बरं आहे. शिरोळच्या आत्यानं गूळ पाठवलाय. शेजारचे अल्लाउद्दीन तोटी बदलायला आले होते. नेहमीसारखे म्हणाले, “वैनी, नळाला पाणी हाय अन् टाकी अर्धीच. पाणी दारातनं माघारी चाललंय की.” दरवेळी मी त्यांना चहा देते आणि विषय बदलते.

पाणी कमी पडतं हे खरंच होतं. का पडतं, ते मी लिहिलं नव्हतं. भरलेली टाकी सोसावी म्हणून स्लॅबखाली लोखंडी गर्डर नंतर तुझ्या बाबांनीच घालून घेतला होता. येत्या रविवारी दांडा सरळ करतो म्हणाले होते. तो रविवार त्यांना मिळाला नाही. त्यानंतर त्या दांड्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या हातानं वाकलेलं घरात तेवढंच उरलं होतं. तेव्हा निशा, तू इथंच ये. डिंक आणलाय, आत्याचा गूळ तुझ्यासाठीच ठेवलाय. तुझं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले, टाकीच्या आत जुन्या पातळीवर खिळ्यानं एक रेघ ओढली, आणि दांडा वर वाकवला.

तुझीच,
आई