मस्टरवरची चार नावं

३ मे १९९९, सोमवार
व्यवसाय कराच्या नोंदणीचा अर्ज भरून टाकला. सातिवलीचा गाळा सुरू होऊन वीस दिवस झाले, तीसच्या आत नोंदणी हवी. एकोणीस वर्षं कंपनीच्या पगार विभागात बसून लोकांचा कर कापला — आता माझ्या स्वतःच्या माणसांचा कापणार! मिठाईचे खोके करणारा मालक झालो तरी हात कारकुनाचाच. एक खाडाखोड नाही. कामगार: चार.

४ मे
मस्टर वाचून दाखवलं. पुतळाबाई कामणहून येते, पुठ्ठ्याला घड्या पाडते. म्हणाली, “वयनीचा नाव नाय त्यात?” मला हसू आलं. म्हटलं, बायको म्हणजे मालकीण, मालकिणीची कसली हजेरी! वसुंधरा खळ ढवळत होती.

११ मे
नोंदणीआधी जागा बघायला निरीक्षक आले. कागद चाळून म्हणाले, “सगळे असे अर्ज भरतील तर आमचं काम सोपं होईल.” मान ताठ झाली माझी. मग वसुंधराकडे बघून, “या कोण?”
“घरच्याच आहेत.”
“कामाला?”
“छे हो, बसल्या-बसल्या मदत.”
बसल्या-बसल्या! सकाळी आठपासून उभी होती ती. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तिथे नाही सुचलं.

१२ मे
वसुंधरा गाळ्यावर आली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

१५ मे
आजही नाही. दोनशे झाकणं खोक्यांवर बसेनात. मापं सगळी तिच्या डोक्यात, कागदावर एकही नाही. आणि मी कागदांची शेखी मिरवतो!
घरी विचारलं, कधी येणार? भात वाढता वाढता म्हणाली, “मी कुठे कामाला आहे, माझा खाडा व्हायला?”
चूक माझी, ते कळतं. उद्याच नाव घालतो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, “बघू पुढच्या महिन्यात.” स्वतःचाच राग आला.

२९ मे
नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. देवापुढे ठेवलं. वसुंधराने हात जोडले आणि म्हणाली, “शेजारच्या गाळ्यात एमिली बॅगा शिवते ना, तिला कटिंग बघायला बाई हवी आहे. मंगळवारपासून जाते.” विचारत नव्हती, सांगत होती. मी बरं म्हणालो.

१ जून
मस्टरवर पाचवं नाव लिहिलं. वसुंधरा. पुढे खाडा मांडला.

१२ जून
खाडा. पुतळाबाई रोज मस्टरमध्ये डोकावून बघते. खोक्यांची मापं मात्र वसुंधराने घरी बसून एका वहीत उतरवून दिली. न मागता.

७ जुलै
वसुंधराचा पहिला पगार झाला. पाकिटातली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि व्यवसाय कराच्या ओळीवर बोट टेकवलं. “कापला,” म्हणाली. इतकी खूश मी तिला गाळ्याच्या पूजेलाही पाहिली नव्हती.