आंब्याच्या सावलीतलं अंजीर

२१ मार्च १९५४, चिचगड
घरामागची जमीन तडकायला लागली. चिकण माती, बोट जाईल एवढ्या भेगा. सुमन दुपारभर आंब्याखाली बसून ओल्या मातीनं त्या बुजवते. म्हणाली, “आत झळ जाऊन राहिली.” बाळाला तिथं मातीत ठेवून सात महिने झाले. नऊ दिवसांचा होता. बारसंही राहिलं.

५ एप्रिल
सु.ला तिथं अंजीर लावायचं आहे. तिथंच. डोहाळ्यांत ओलं अंजीर मागत होती. मिळालं नाही, सुक्यांची माळ आणली, तिला तिनं हात लावला नाही. म्हणून पोर रुसून गेलं, असं तिला वाटतं. मला पटत नाही. पण आठवतं, दिवसातून दोनदा तरी.

शेजारचा तुळशीराम म्हणाला, “गुरुजी, असल्या मातीत, सावलीत अंजीर कायले लावून राहिले? दहा हात इकडं सरका. नाहीतर आंब्याची फांदी छाटून देतो, ऊन पडन.”
सु. आतून: “फांदी नोका तोडू. त्याले ऊन लागन.”
तुळशीराम उठून गेला.

६ जून
गोंदिया. माळ्यानं दोन जाती दाखवल्या. पुणेरी: फळ मोठं, गोड; पण ऊन पाहिजे, पाण्याचा निचरा पाहिजे. दुसरी काळी: फळ सुपारीएवढं, झाड चिवट. “मास्टरजी, छाँव में यही जिएगा. फल का वादा नहीं.”
मला फळच हवं होतं. पुणेरी घेतलं.

९ जून
माळ्यानं खड्डा तीन फूट सांगितला होता. हातभर खणलं आणि पहार दगडाला लागली. तो दगड मीच ठेवला होता, कोल्हीकुत्री उकरू नयेत म्हणून. पुढं हात चालेना. तेवढ्यातच रोप बसवून माती लोटली. सु.ला सांगितलं, खोल आहे.

२२ ऑगस्ट
खड्ड्यात पाणी साचतं, मडक्यात साचावं तसं. पानं पिवळी. आज रोपाला हात लावला तर अलगद वर आलं. मुळं काळी, कुजका वास.
सु. म्हणाली, “त्याले नाही आवडलं.”
खड्डा उथळ होता म्हणालो, चूक माझी. दगडाचंही सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. जेवली नाही.

३ नोव्हेंबर
दिवाळीच्या सुटीत काळ्या जातीचं रोप आणलं. या खेपेला खणलं नाही. खाली फुटकी कौलं, वर रेती, जंगलातला पालापाचोळा, गुडघाभर ओटा केला, त्यावर रोप. रेती तुळशीरामानं आपल्या बैलबंडीतून आणून टाकली. काही विचारलं नाही त्यानं. बरं वाटलं.

१८ फेब्रु. १९५५
चार नवी पानं. रोप उजेडाकडे वाकतं, आंब्याच्या बाहेर. सु. ते सरळ करून काठीला बांधते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकलेलं.
शाळेतून लवकर आलो तर मागे ती हळू आवाजात बोलत होती. मधे थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी. मी दारातच उभा राहिलो. आपल्यालाही ऐकू यावं असं वाटलं, आणि ऐकू आलं तर...

११ एप्रिल
भेगा पुन्हा. सु.ला ताप, पडून होती. सगळ्या मी बुजवल्या. एक राहिली असं वाटून जेवणावरून उठलो. खरंच राहिली होती.

२६ मे
बदलीचा हुकूम. तिरोडा. शाळा उघडण्याआधी हजर व्हायचं.
सु.ला वाचून दाखवला. पीठ मळत होती. “तुम्ही जा. मी कायले येऊ? याले पाणी कोण टाकन?”
याले म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही.

२ जून
तिनं माझेच कपडे बांधले. तुळशीराम रोपाला पाणी घालीन म्हणतो, त्याच्या बायकोनंही समजावलं. सु. मान हलवते, हो की नाही कळत नाही. मला तरी कुठं कळतंय, मी निघणार आहे की राहणार.
बंडी परवा सकाळची ठरली. गाडीवानानं विचारलं, “किती जन हाये, गुरुजी?”
उद्या सांगतो म्हणालो.