‘जानकी’ विमानातली आंब्याची पेटी

दहिसर (पूर्व),
६ एप्रिल २०२५

ती. सौ. सुलक्षणाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लपवू नकोस. भावोजींनी माझा फोन घरात वाजायला बंदी केली आहे, पत्राबद्दल ते काही बोललेले नाहीत.

कळवायचं कारण, माझं विमान तयार होत आलं. घाबरू नकोस, ते कॉम्प्युटरमध्ये आहे. श्रुतिका सासरी जाताना तिचा कॉम्प्युटर इथे ठेवून गेली, त्यात विमान उडवायचा एक खेळ आहे. खेळातली विमानं मला पटेनात. चौतीस वर्षं विमानतळावर लोकांचं सामान तोललेल्या माणसाला खोटं विमान लगेच ओळखू येतं. म्हणून सात महिने खपून मी स्वतःचं केलं. चार आसनांचं, एका पंख्याचं. पंखांवरचे रिवेट एकेक करून बसवले. डावा दरवाजा जरा घट्ट लागतो, तोही मुद्दाम तसा ठेवला. नाव आईचं दिलं, ‘जानकी’.

पहिलं उड्डाण जुहूहून रत्नागिरीला. ताई, माझी एकच इच्छा आहे, ती सरळ सांगतो. त्या उड्डाणात भावोजींनी माझ्या शेजारी बसावं. मला नोकरी लागली तेव्हा पार्ल्याच्या स्टेशनपासून ऑफिसच्या दारापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले होते. त्याच नोकरीत मी त्यांच्याशी असा वागलो. नऊ वर्षं त्यांनी माझ्या घरात पाय ठेवलेला नाही, आणि मला ते सोसत नाही.

तुम्हा दोघांची वजनं कळव. खरी कळव.

लोभ असावा, त्याला वजनाची मर्यादा नाही.
तुझा,
श्याम

०

मुलुंड (पूर्व),
१४ एप्रिल २०२५

चि. श्यामकांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र नेमकं ह्यांच्याच हातात पडलं. फोडलं नाही, मला दिलं आणि मोठ्याने वाच म्हणाले. स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे ऐकत नाहीत असं दिसावं.

नोकरीचं वाचलं तेव्हा जरा खाकरले. मग नेहमीचं सुरू झालं. आमच्या सर्वेशच्या साखरपुड्याला दिल्लीला निघालो होतो, ह्यांनी स्वतः पेंढ्यात लावलेली हापूसची पेटी, आणि सख्ख्या मेहुण्याने ती काट्यावर ठेवून भर रांगेत सांगितलं की दोन किलो तीनशे ग्रॅम जास्त आहे, नियम म्हणजे नियम. खिळे उपटून नऊ आंबे बाहेर काढायला लावलेस. हे हात जोडून ते आंबे रांगेतल्या लोकांना वाटत होते, तेव्हा तू पुढच्याला बॅग ठेवा म्हणालास. व्याह्यांनी आंबे मोजले असं ह्यांना आजही वाटतं. कोण मोजतं रे? पण ह्यांना वाटतं.

तर आता अट ऐक. येईन म्हणतात, पण माझी पेटी बरोबर आली पाहिजे. अख्खी, चार डझनांची, आणि विमानात डोळ्यांना दिसली पाहिजे. मी म्हटलं, अहो, विमानच खरं नाही तर पेटी कुठून आणायची? तर म्हणाले, विमान नाही तर तो मला बसवतोय कशात?

माझं वजन ६१, ह्यांचं ८३.

तब्येतीला जप, आणि आमच्यावर राग धरायचाच तर थोडाच धर.
तुझी ताई

०

दहिसर,
२१ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटी केली. सहा दिवस लागले. फळ्यांवर गाठी आहेत, पेंढा काडी काडी लावला आहे. आंबे अठ्ठेचाळीस, देठापाशी तांबूस छटा. झाकण लावल्यावर ते दिसत नाहीत, पण आहेत, भावोजींना सांग.

तुझं वजन मात्र मी ७१ धरलं. भाऊबीजेला तू तुमच्या गेटवरच मला ओवाळलंस तेव्हा पाहिलं आहे. या नजरेतून सुटकेस सुटली नाही, तू काय सुटणार?

आता हिशेब. विमान ७६०, आपण तिघं २२८, जाऊन-येऊन इंधन १००, एकूण १०८८ किलो. ‘जानकी’ची मर्यादा ११००. म्हणजे पेटीला बारा किलो मिळतात. खरी पेटी नीट तोलून कळवा, अंदाज चालणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
श्याम

०

मुलुंड,
२९ एप्रिल २०२५

चि. श्यामकांत यास,
आशीर्वाद, पण आज रागात.

मेल्या, ७१ कोणाला म्हणतोस? (७१च आहे. पण पत्रात लिहायचं?)

ह्यांनी बाजारातून चार डझनांची पेटी आणली आणि रद्दीवाल्याकडे नेली. त्याने सवयीने आधी सुतळी बांधली. चौदा किलो तीनशे ग्रॅम. मी तिथेच आकडेमोड केली आणि त्याच्या गठ्ठ्यावर बसले. पुन्हा दोन किलो तीनशे ग्रॅम जास्त! ह्यांनी पेटी उचलली. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, मला माहीत होतं. पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता, तो तसाच परत मागवला.

म्हणजे यायची तयारी होती रे त्यांची. कपाटातून पॅनकार्डही काढून ठेवलं होतं, विमानात ओळखपत्र लागेल म्हणून.

आता तू काय ते बघ. ती मर्यादा तूच टाइप केली आहेस ना? मग ११०५ टाइप कर. वरच्या मजल्यावरची निशाही हेच म्हणाली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत झालंय, लिफ्टमध्ये लोक विचारतात, पेटीचं काय झालं. मी जेवण सोडून वजन उतरवणार नाही, हे आत्ताच सांगते. आणि ह्या वेळी आंबे बाहेर काढायला लावलेस ना, तर पुन्हा ते तुझं नावही ऐकणार नाहीत, आणि मी त्यांना समजावायला जाणार नाही.

लोभ आहे, पण लटकलेला आहे.
ताई

०

दहिसर,
६ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

११००च्या आकड्यावर बोट ठेवून मी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. बदलता येईना. पंख तेवढ्याच वजनाला केले आहेत. आकडा बदलला तर ते विमान राहणार नाही, नुसतं चित्र होईल, आणि चित्रात बसायला मी भावोजींना कशाला बोलावू? पेटी भरून तीनदा उडवून पाहिलं. तिन्ही वेळा आपण जुहूच्या समुद्रात गेलो. तुम्हा उभयतांना बुडवल्याबद्दल क्षमा असावी.

आंबे काढायचे नाहीत, माणूस उतरवायचा नाही. उरलं इंधन. पण परतीचं इंधन अपुरं घेऊन निघणं मला जमणार नाही, म्हणून परतीचं सगळंच काढून टाकलं. पेटी अख्खी येईल. आपण रत्नागिरीला पोचू. परत कसं यायचं ते मला माहीत नाही. नोकरीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला काट्याजवळ उभं केलं नसतं.

रविवारी, १८ तारखेला, सकाळी दहाला निघू. भावोजींना म्हणावं, श्यामने हात जोडून बोलावलं आहे.

तू ये, त्यांना घेऊन ये, बाकी लोभ तिथे बोलू.
श्याम

०

मुलुंड,
२० मे २०२५

चि. श्यामकांत यास,
दशरथचे आशीर्वाद.

प्रवासी म्हणून काही तक्रारी आहेत, त्या लेखी देतो.

दारातून आत पाऊल टाकलं, तर पाण्याच्या आधी तू वजनकाटा पुढे केलास. मी चढलो, कारण सुलक्षणा डोळे वटारत होती. ओळखपत्र मी पुढे केलं, ते तू पाहिलंसुद्धा नाहीस. अलिबागच्या वर चहा मागितला तर उड्डाणात उठता येत नाही म्हणालास, आणि ओटा चार पावलांवर होता. मागच्या खुर्चीवरून तुझी बहीण सबंध वेळ विमान हळू चालव म्हणून सांगत होती, तिला तू एकदाही गप्प केलं नाहीस.

आता दुसरं. आमच्या गावची खाडी आली तेव्हा तू विमान डाव्या अंगावर कलवलंस, मला नीट दिसावं म्हणून. मी घाबरून तुझा दंड धरला. खाली उतरेपर्यंत सोडला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. टेकताना दोन गचके बसले. पेटी जागची हलली नाही. मी चार वेळा मागे वळून पाहिलं होतं. नऊ वर्षं मी एका पेटीसाठी तुझ्याशी बोललो नाही, याची मला त्या वेळी लाज वाटली. तुलाही थोडी वाटली असेल, अशी आशा आहे.

मग तू कॉम्प्युटर बंद केलास, आपण जेवलो, आम्ही मुलुंडला आलो. पण घरी आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आपण तिघं आणि पेटी अजून रत्नागिरीच्या धावपट्टीवर आहोत. टाकीत थेंब नाही. वर मे महिन्याचं ऊन. सुलक्षणा म्हणते, बटण दाबलं की विमान परत जुहूत. मी तिला सांगितलं, असं बटणावर परत यायला आपण काय पार्सल आहोत? श्यामकांतने नेलं, श्यामकांतच आणेल.

इंधन कुठून आणायचं, वजन कसं बसवायचं, याचा विचार तू करून ठेव. येत्या रविवारी मी येतो. लवकर येईन, जेवायला थांबेन. एका रविवारात जमलं नाही तर घाई करू नकोस, पुढचे सगळे रविवार मला मोकळे आहेत.

फोन केलास तरी चालेल.
तुझा,
दशरथ