स्मरणिका कोणी वाचली नाही याचा पुरावा

रोहा, १२ नोव्हेंबर १९९६

ती. शरददादा,

दत्तूचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू लागला असेल असं धरून चालतो. नसेल तर हे पत्र खालच्या मजल्यावर बसूनच वाच. (सौ. सुहासिनी म्हणते, तेल रोज लावत जा.)

माझं पेटंट फेटाळलं. वाचनालयात बावीस वर्षं लोक "ते विहिरीत सासू पडते ते पुस्तक द्या" असंच मागतात, नाव कोणाला आठवत नाही, म्हणून मी युक्ती काढली. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, कार्डाच्या कडेला भोकं, एका भोकाला एक शब्द. पुस्तकात विहीर असली की विहिरीचं भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या त्याच भोकातून सुहासिनीची विणायची सुई घालून उचलायचं, विहिरीची कार्डं आपोआप खाली पडतात. मुंबईच्या पेटंट ऑफिसातल्या साहेबांसमोर साठ कार्डं घेऊन हे करून दाखवलं. त्यांनी मुद्दाम सासू मागितली. बेचाळीस कार्डं टेबलावर पडली, साहेब पोट धरून हसले, मला वाटलं जिंकलो. पण फाइलमधून आपल्या गणेशोत्सव मंडळाची १९८५ची स्मरणिका निघाली, आणि तीत याच युक्तीवरचा माझा लेख. अर्जाआधी छापून आलं ते नवं राहत नाही, म्हणे. (स्मरणिका मीच जोडली होती. माझा फोटो चांगला आला होता तीत.)

दादा, फार वाईट वाटलं. ग्रंथपाल म्हणजे नुसता कुलूप उघडणारा माणूस नव्हे, हे त्या सर्टिफिकेटवरून रोह्याला एकदा तरी कळलं असतं. पण मी अपील केलंय. वकील म्हणतात, छापलं तरी कोणी वाचलंच नाही असं दाखवता आलं तर थोडी आशा आहे. मला तर भरपूर आहे. स्मरणिका कोण वाचतं? लोक आपली जाहिरात शोधतात आणि मिटून ठेवतात.

तुझा,
दत्तात्रेय

ता. क. तुलाही तेव्हा एक प्रत पोस्टाने पाठवली होती. ती उघडलीसुद्धा नाही असं प्रतिज्ञापत्र करून धाड. सुहासिनीने तिचं न सांगताच करून दिलं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच हमरापूरच्या पुतळीबाई आल्या. गणपतीचा कारखाना आहे त्यांचा. पेणच्या दुकानात रंगाची पुडी माझ्या लेखाच्या पानात बांधून मिळाली, ते पान त्यांनी वाचलं आणि चारशे साच्यांची कार्डं केली. बसलेला, उंदीर, फेटा, गिऱ्हाईक जे मागेल त्या भोकात सुई घालतात आणि साचा हातात. "भाऊ, कार्डं संपली, नवी कुठं गावतील?" एवढंच विचारायला गाडी पकडून आल्या होत्या. दादा, अकरा वर्षांत एक वाचक. आनंदाने मी त्यांना दोनदा चहा पाजला. अपील बहुतेक बुडालं. वकिलांना आजच कळवतो की वाचणारी सापडली. तू प्रतिज्ञापत्र राहू दे, पाचशे कोरी कार्डं पाठव. जाड बघून घे, त्यांचे हात ओल्या मातीचे असतात.